कापसाच्या मुलखात पडद्यावरचा डॉक्टर

२०२४ च्या ऑक्टोबर महिन्यात भाचीने तिकीट पाठविले आणि मला अमेरिकेतील मेंफिस शहरी महिनाभर राहण्याचा योग आला. आलेल्या पाहुण्याला नायगारा दाखवायचा, असा तिकडच्या आपल्या लोकांचा रिवाज आहे. मी भाचीला म्हटले, "धबधबा टी.व्ही.वर पुष्कळ पाहिला. मला रूलव्हिलला ने." तिने ते नाव ऐकलेही नव्हते.

रूलव्हिल हे फॅनी लू हेमरचे गाव. हे नाव मी पहिल्यांदा ऐकले ते आमच्या वस्तीच्या वाचनालयात, एका व्याख्यानात. मिसिसिपी राज्यातल्या वाटेकरी शेतमजुराच्या घरी १९१७ साली जन्मलेली ही बाई. वीस भावंडांत शेंडेफळ. १९६२ च्या ऑगस्टमध्ये मतदार यादीत नाव घालायला ती इंडियनोला येथील कचेरीत गेली आणि मळेवाल्याने त्याच दिवशी तिला घराबाहेर काढले. १९६३ साली विनोना गावच्या तुरुंगात तिला गुरासारखे मारले. परंतु माझ्या मनात रुतून बसली होती ती त्याआधीची गोष्ट. १९६१ साली पोटातली गाठ काढायला ती तिच्याच परगण्यातील इस्पितळात गेली, आणि डॉक्टरांनी तिला न विचारता तिची पिशवीच काढून टाकली. मुंबईच्या एका महापालिका इस्पितळात मी ३१ वर्षे परिचारिका म्हणून काढली आहेत. संमतीच्या कागदावर अंगठा कसा घेतला जातो, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून ती गोष्ट मला विसरता आली नाही.

दुसरेही एक कारण होते. अलीकडे याच रूलव्हिलचे नाव वेगळ्याच कामासाठी वाचनात आले होते. तिथे घरबसल्या मधुमेह्यांची देखरेख करण्याचा मोठा प्रयोग झाला, आणि त्यासाठी राज्याने कायदा केला. माझी थोरली जाऊ मराठवाड्यात आमच्या गावी असते. टाचेला चिमुकली जखम झाली. तालुक्याचे इस्पितळ लांब, जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. "बाजारादिवशी जाऊ" म्हणता म्हणता चार बाजार गेले, आणि शेवटी गुडघ्याखालून पाय काढावा लागला. डॉक्टर बाईच्या दाराशी आला असता तर काय झाले असते, हा प्रश्न घेऊनच मी गाडीत बसले.

मेंफिस टेनेसी राज्यात आहे. शहर संपता संपता राज्यही संपते आणि ६१ क्रमांकाचा महामार्ग मिसिसिपीत शिरतो. टेकाड उतरले की जमीन एकदम सपाट होते. क्षितिजापर्यंत कुठे उंचवटा म्हणून नाही. याला डेल्टा म्हणतात. नदी समुद्राला मिळते तो हा भाग नव्हे. मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांमधला पुराच्या गाळाचा हा पट्टा. माती काळीभोर. ऑक्टोबर म्हणजे वेचणीचा हंगाम. दोन्ही बाजूंना पांढरीशुभ्र शेते, रस्त्याच्या कडेला उडालेला कापूस, आणि रानात मात्र माणूस नाही! यंत्रे फिरत होती आणि मागे पिवळ्या, गुलाबी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले घराएवढाले गोल गठ्ठे टाकीत जात होती. आमच्याकडे वेचणीला अख्खी वाडी रानात असते.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक ज्या अमेरिकन लोकांना अर्पण केले, त्यांनी गुलामी मोडली. पण गुलामीनंतर या रानात वाटेकरी पद्धत आली आणि कर्जाच्या वहीने माणसे पुन्हा बांधली गेली. मग १९४४ साली क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन मळ्यावर यंत्राने कापूस वेचून दाखविला, आणि हातांची गरजच संपली. लाखो काळी माणसे शिकागोकडे, डेट्रॉइटकडे गेली. मागे राहिले ते म्हातारे, गरीब, अडकलेले. दुकाने गेली, शाळा रोडावल्या. डॉक्टर तरी कशाला राहील?

वाटेत जावयाने गमतीने मेंफिसच्या डॉक्टरांचे कौतुक सुरू केले. "इथून तासाभरावर एवढी मोठमोठी इस्पितळे असताना या लोकांना अडचण कसली?" भाची इस्पितळांच्या बिलांचे कॉम्प्युटरचे काम करते. ती हसली. "मावशी, मघाशी आपण राज्याची हद्द ओलांडली ना? रुग्ण ज्या राज्यात बसलाय, त्या राज्याचा परवाना डॉक्टरकडे पाहिजे. पडद्यावर तपासलं तरी तेच." मिसिसिपीने २०१६ साली इतर राज्यांबरोबरच्या परवाना करारात भाग घेतला आणि हे काम थोडे सोपे झाले, असे ती म्हणाली. पण खरी गोम परवान्यापेक्षा पैशात आहे.

क्लार्क्सडेलला चहासाठी थांबलो. (चहा कसला, गोड बर्फाचे पाणी!) तिथे सनफ्लॉवर नदीच्या काठी एक बसकी विटांची इमारत आहे, रिव्हरसाइड हॉटेल. पूर्वी ते काळ्या लोकांचे इस्पितळ होते. प्रसिद्ध गायिका बेसी स्मिथ १९३७ साली याच ६१ नंबरच्या रस्त्यावर मोटारीच्या अपघातात सापडली आणि या इस्पितळात वारली. गोऱ्यांच्या इस्पितळाने तिला दारातून परत पाठविले, अशी कथा पुष्कळ वर्षे सांगितली गेली. ती खरी नाही. अपघाताच्या जागी तिला पाहणाऱ्या डॉक्टरनेच पुढे सांगितले की, तिला सरळ काळ्यांच्याच इस्पितळात नेले. गोऱ्यांच्या दारात काळा रुग्ण न्यायचाच नसतो, हे त्या काळी कोणत्याही गाडीवाल्याला माहीत असे. मला ही खरी हकीकत त्या कथेपेक्षा अधिक बोचली. दारातून हाकलायची वेळच येत नाही, कारण त्या दाराकडे गाडी वळतच नाही.

तिथून पुढे माउंड बायू. जेमतेम दीड हजार वस्तीचे गाव, परंतु मान मोठा. गुलामीतून सुटलेल्या माणसांनी १८८७ साली जंगल तोडून हे स्वतःचे गाव वसविले. १९४२ साली इथे टेबोरियन इस्पितळ उघडले. कोणा दानशूराने ते बांधून दिले नाही. शेतमजुरांच्या एका बंधुमंडळाने वर्गणी काढून ते उभे केले. सभासदाने वर्षाला साडेआठ डॉलरपेक्षाही कमी वर्गणी भरायची आणि त्या बदल्यात ३१ दिवस इस्पितळात राहण्याचा हक्क मिळवायचा, शस्त्रक्रियेसह! डॉक्टर काळे, नर्स काळ्या, आणि आत शिरायचे ते पुढच्या दारानेच. आमच्या चाळीतल्या भिशीच्या बायांना हा हिशेब चटकन कळेल. १९८३ साली ते बंद पडले.

याच गावात डॉ. जॅक गायगर यांनी १९६७ साली आरोग्य केंद्र सुरू केले. खेड्यांसाठी असे केंद्र त्या देशात पहिलेच. मुले खरूज, जुलाब, अशक्तपणा घेऊन यायची. गायगरांना कळले की, मूळ रोग भूक हाच आहे. त्यांनी औषधाच्या चिठ्ठीवर दूध, भाज्या, मांस लिहून द्यायला सुरुवात केली. गावच्या दुकानाने माल द्यायचा आणि बिल केंद्राच्या औषधखात्यावर टाकायचे. वॉशिंग्टनहून तपासणीला अधिकारी आला, तेव्हा डॉक्टरांनी त्याला सांगितले की, माझ्या वैद्यकीय पुस्तकात कुपोषणावर अन्न हेच औषध दिले आहे. पुढे जॉन हॅच यांनी लोकांची सहकारी शेतीही उभी केली. ते आरोग्य केंद्र आजही चालू आहे आणि त्याच्या पावलावर देशभर सुमारे १४०० अशी केंद्रे झाली आहेत. मी बाहेर उभी राहून पाटी पाहिली. आपण नोकरीत असताना एखाद्या डॉक्टरने भाकरी लिहून दिली असती तर आमच्या हिशेबखात्याने काय गहजब केला असता, याचे चित्र डोळ्यासमोर आले आणि एकटीच हसले.

आता कायद्याची गोष्ट. ती भाचीने गाडी चालवता चालवता सांगितली, ती माझ्या शब्दांत लिहिते.

राज्याची राजधानी जॅक्सन. तिथे राज्याचे एकमेव विद्यापीठ-इस्पितळ आहे. २००३ साली तिथल्या डॉक्टरांनी खेड्यातल्या काही लहान इस्पितळांच्या अपघात विभागात कॅमेरे बसविले. रात्री-अपरात्री तिथे डॉक्टर मिळत नसे. जास्तीचे शिक्षण घेतलेली नर्स रुग्णाला हाताळायची आणि जॅक्सनमधला तज्ज्ञ पडद्यावरून पाहायचा, सल्ला द्यायचा. क्रिस्टी हेंडरसन ही त्या कामाच्या अग्रभागी असलेली बाई स्वतः नर्स. हे वाचून मला जो आनंद झाला तो माझ्या जुन्या सहकारी समजतील. पडद्यावरचा डॉक्टर म्हटले की लोकांना पडदा दिसतो. रुग्णाच्या छातीवर यंत्र ठेवणारा, जखम उजेडात धरणारा, "घाबरू नका" म्हणणारा हात नर्सचा असतो, तो दिसत नाही.

यंत्रे आली, तरी विमा कंपन्या म्हणत, रुग्ण समोर बसला नव्हता, मग तपासणी झालीच कशी? पैसे नाहीत. पैसे नाहीत म्हणजे डॉक्टरचा वेळ नाही. म्हणून २०१३ साली मिसिसिपीच्या कायदेमंडळाने कायदा केला की, समोरासमोर तपासले असता जो खर्च विम्याने दिला असता, तो दूरवरून तपासले तरी दिला पाहिजे. खासगी विमा, सरकारी नोकरांचा विमा आणि गरिबांची मेडिकेड योजना, सर्वांना हे लागू. २०१४ साली दुसरा कायदा झाला. रुग्णाचे फोटो, क्ष-किरण आधी पाठवून डॉक्टरने नंतर पाहिले, किंवा घरी बसलेल्या रुग्णाच्या साखरेवर, रक्तदाबावर रोज लक्ष ठेवले, तरी त्याचेही पैसे मिळतील. दोन्ही कायद्यांवर गव्हर्नर फिल ब्रायंट यांची सही आहे. हे गृहस्थ काही गरिबांचे कैवारी म्हणून प्रसिद्ध नव्हते. मेडिकेड योजना वाढवायला त्यांनी कायम विरोध केला. परंतु हे काम त्यांच्या हातून झाले, हे कबूल केले पाहिजे.

मात्र २०१४ च्या त्या कायद्यात एक अट होती. घरी देखरेख कोणाची? ज्याला जुनाट आजार आहे आणि जो गेल्या बारा महिन्यांत दोन वेळा तरी इस्पितळात दाखल झाला किंवा अपघात विभागात आला, त्याची. म्हणजे माणूस दोनदा बुडाल्याशिवाय त्याला दोर टाकायचा नाही! सरकारी खर्च वाचविणारी बुद्धी सगळ्या देशांत सारखीच.

दुपारी रूलव्हिलला पोचलो. फॅनी लू हेमर आणि तिच्या नवऱ्याची समाधी एका साध्या बागेत आहे. २०१२ साली तिथे तिचा पुतळा बसविला, हातात ध्वनिक्षेपक घेतलेला. दगडावर तिचे गाजलेले वाक्य कोरले आहे. आजारी असण्याचा आणि थकण्याचा आता आपल्याला वीट आला आहे, असा त्याचा अर्थ. ती १९७७ साली, वयाच्या ५९ व्या वर्षी, कर्करोग आणि रक्तदाबाने माउंड बायूच्या इस्पितळात वारली. मी फुले आणली होती ती ठेवली.

बाकावर एक वृद्ध बाई बसली होती. म्हाताऱ्या लोकांची घरोघर सेवा करण्याचे काम तिने केलेले. मीही नर्स असे कळताच गप्पा रंगल्या. भाची दुभाष्या झाली. २०१४ साली सुरू झालेल्या त्या मधुमेहाच्या कामात तिचा भाऊ होता. त्याला हातात धरायचा कॉम्प्युटर घरी दिला होता. रोज सकाळी बोट टोचायचे, आकडा आपोआप जॅक्सनला जायचा. आकडा वाढला की न्याहारी संपायच्या आत नर्सचा फोन. "काल रात्री काय खाल्लं?" भाऊ चिडायचा, म्हणायचा, ही बाई माझ्या ताटात बघते. मग सवय झाली. एखाद्या दिवशी फोन आला नाही तर तोच अस्वस्थ व्हायचा.

मी विचारले, "आधी भीती नाही वाटली? इस्पितळवाले घरात शिरणार याची?" ती बराच वेळ पुतळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली की, आमच्या आईच्या पिढीला डॉक्टरची भीतीच होती. पण या वेळी नर्स घरी आली, स्वयंपाकघरात बसली, कशाचा आकडा कोणाला दिसणार हे सांगितले, आणि नको वाटले तर यंत्र परत न्यायला येऊ असेही म्हणाली. "तिने आधी विचारले." एवढे बोलून ती थांबली. भाचीने ते वाक्य मला मराठीत सांगितले, पण मला ते आधीच समजले होते.

त्या प्रयोगातल्या पहिल्या शंभर रुग्णांपैकी एकालाही त्या काळात मधुमेहासाठी इस्पितळात दाखल व्हावे लागले नाही, असे हेंडरसनबाईंनी २०१५ साली वॉशिंग्टनला सिनेटच्या समितीपुढे सांगितले. ज्या राज्यात दर सात प्रौढांमागे सुमारे एकाला मधुमेह आहे, तिथे ही लहान गोष्ट नव्हे. २०१७ साली केंद्र सरकारने जॅक्सनच्या त्या केंद्राला देशातल्या दोन आदर्श केंद्रांपैकी एक म्हणून मान दिला.

"आणि तुमचे कसे चालते?" मी विचारले. तिचे स्वतःचे वय पासष्टच्या वर, त्यामुळे वृद्धांचा सरकारी विमा आहे. मुलगी इंडियनोलाच्या बाजूला मासे कापण्याच्या कारखान्यात जाते. (१९९० साली याच धंद्यातल्या काळ्या बायांनी तिथे मोठा संप केला होता.) मुलीला विमा नाही. कायदा म्हणतो, विम्याने पैसे दिले पाहिजेत. ज्याच्याकडे विमाच नाही त्याला कायद्याने काय दिले? मेडिकेड योजना गरीब कामकऱ्यांपर्यंत वाढवायचा प्रयत्न २०२४ च्या अधिवेशनात झाला, पण दोन सभागृहांचे जमले नाही आणि तो बारगळला. त्याआधी २०२३ साली बाळंतिणीला वर्षभर मेडिकेड देण्याचा कायदा मात्र झाला. पण बाळंतपण करायचे कुठे? २०२२ साली ग्रीनवुडच्या इस्पितळाने आपला प्रसूती विभागच बंद केला. बाळाचे डोके पडद्यावरून धरता येत नाही, हे मी पंचवीस वर्षे प्रसूतिगृहात काढून सांगते.

शिवाय इंटरनेट. २०१९ साली राज्याने कायदा करून वीज सहकारी संस्थांना खेड्यांत इंटरनेट पोचविण्याची परवानगी दिली आणि पुष्कळ ठिकाणी तार पोचली. गरिबांना बिलासाठी केंद्राकडून महिना ३० डॉलरची सूट होती, ती २०२४ च्या जूनमध्ये संपली. त्या बाईने तार काढून टाकली. डॉक्टरशी बोलायचे असले की ती नातवाचा फोन घेते.

परत येताना अंधार पडला. भाची म्हणाली, "आपल्याकडे तर हे फुकट आहे ना, मावशी?" आहे खरे. २०१८ साली रत्नागिरीतल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश आल्यावर फोनवरून औषध सांगायला डॉक्टर घाबरू लागले होते. २५ मार्च २०२० रोजी केंद्राने दूरवैद्यकाचे नियम काढले तेव्हा कुठे रस्ता मोकळा झाला. ई-संजीवनी नावाची सरकारी सेवा २०१९ अखेरीस सुरू झाली, ती आता उपकेंद्रापर्यंत आली आहे.

जानेवारीत गावी गेले तेव्हा जावेला घेऊन मी उपकेंद्रात गेले. दुसऱ्या पायाचीही तिला काळजी होती. तिथली समुदाय आरोग्य अधिकारी म्हणजे पंचविशीतली मुलगी, नर्सिंगच शिकलेली. तिने कॉम्प्युटर लावला. दोनदा लाइन तुटली, तिसऱ्यांदा जिल्ह्याच्या ठिकाणची डॉक्टरीण पडद्यावर आली. म्हणाली, "आजी, पाय दाखवू का सिस्टरला? चालेल ना?" जावेने माझ्याकडे पाहिले आणि मान हलविली.

डॉक्टरणीने तिला डोळे मिटायला सांगितले आणि मुलीला बोटाच्या टोकाने तळव्याला हलकेच स्पर्श करायला सांगितले. मुलीने अंगठ्याला स्पर्श केला, मग चवड्याला, मग टाचेला.

"कळतंय का आजी, कुठं हात लावला?"

"लावा की बाई," जाऊ डोळे मिटूनच म्हणाली. "कवापासून वाट बघतीया."

पडद्यावरची डॉक्टरीण क्षणभर गप्प झाली. मग तिने जिल्हा इस्पितळाची चिठ्ठी लिहायला सांगितली. एस.टी. दोन वाजता होती. मी जावेची चप्पल शोधायला उठले.